बॅटरीची खांदमळणी

समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो दुकान पोराच्या हाती दिल्यावर, नातवंडांच्या हट्टापायी. त्याआधी बरीच वर्षं मी एका लाँचची बॅटरी सांभाळली होती, आणि तीही कुठं, तर कळंब तालुक्यात. हे कुणाला सांगितलं की माणूस आधी हसतो, मग माझ्या तोंडाकडं बघतो. जिथं उन्हाळ्यात हापशावर भांडणं होतात तिथं हे बाबा बोट घेऊन कुठनं आले! पण धरण झालं, मांजरेचं पाणी फुगलं, आणि बोरखेडी नावाचं एक गाव त्यात गेलं. नवं गाव वसलं माळावर, पाण्याच्या पलीकडं. कळंबचा बाजार राहिला अलीकडं. सडकेनं यायचं तर सगळ्या पाण्याला वळसा. म्हणून गावकऱ्यांनी सोसायटी काढली आणि कोकणातनं एक जुनी लाकडी लाँच लिलावात उचलली. ती ट्रकवर लादून आली तेव्हा अर्धा तालुका बघायला लोटला होता. एक म्हातारी तर तिला कुंकू लावून, नमस्कार करून गेली.

माझं दुकान एसटी स्टँडच्या मागं. बॅटरी चार्जिंग आणि रिपेअर. आयटीआय करून आलो तेव्हा वडील म्हणाले होते, नोकरी बघ. मी म्हटलं, नोकरीत साहेब एक असतो, धंद्यात रोज नवा. ते खरंही ठरलं. ईट गावचा एक लाऊडस्पीकरवाला लग्नसराईत दर आठवड्याला मेलेली बॅटरी आणायचा आणि दर वेळी शपथ घेऊन सांगायचा की फक्त मंगलाष्टकं वाजवली. एका पाहुण्यानं तर कमालच केली. बॅटरी डोक्यावर आणायची होती, जड लागत होती, म्हणून वाटेत ओढ्याला तिच्यातलं सगळं ॲसिड ओतून हलकी करून घेऊन आला. वर मलाच विचारतो, "पाणी काय, तुमच्याकडं असंलच की." मी तापट माणूस. त्या दिवशी मी जे बोललो ते दिवाळी अंकात छापता येणार नाही.

तर ही लाँच. तिचं इंजिन डिझेलचं, स्टार्टर बॅटरीवरचा. पण बॅटरीचं खरं काम निराळंच होतं, ते सांगतो. लाकडी बोट थोडी तरी गळतेच. फळ्या पाण्यात राहिल्या की फुगतात, फटी बुजतात. आमच्याकडं मात्र उन्हाळ्यात पाणी मैलभर मागं सरायचं आणि लाँच चिखलात, मग भेगाळलेल्या मातीत उभी राहायची. बैलगाडीचं चाक जसं उन्हानं आकसतं तशा तिच्या फळ्या आकसायच्या. पाऊस पडून ती पुन्हा तरंगली की पहिले काही आठवडे नुसती चाळण. म्हणून तिच्या पोटात एक लहान पंप होता. आत पाणी साचलं की एक फ्लोट, म्हणजे तरंगता गोळा, वर उचलला जायचा, पंप आपोआप सुरू व्हायचा आणि पाणी बाहेर टाकायचा. हा पंप चालायचा बॅटरीवर. इंजिन चालू असेल तर डायनामो बॅटरी भरतो, पण लाँच दिवसातला बहुतेक वेळ घाटाला बांधलेली. म्हणजे ती उभी असताना बॅटरी आतल्या आत खर्च होत राहणार. म्हणून घाटावर पत्र्याची शेड, शेडमध्ये माझा चार्जर, आणि तिथनं लाँचपर्यंत वायर. पाणी मागं सरलं की वायर पुढं, असा तो आमचा वर्षभराचा खेळ.

लाँचचा ड्रायव्हर नागुतात्या. पन्नाशीचा गडी, बोलायला कमी, मिशीतल्या मिशीत हसणारा. विहिरीवरच्या ऑईल इंजिनावर हात बसलेला, तेवढंच शिक्षण. बाहत्तरच्या दुष्काळात त्यांची बैलजोडी गेली. एक बैल छावणीत खपला, दुसरा त्यांनी बाजारात नेला. त्या दिवसाबद्दल ते कधी बोलले नाहीत. पुढं रान धरणात गेलं, आणि तात्यांनी दावणीला परत जनावर बांधलं नाही. लाँच आली तेव्हा चेअरमन दिनकररावांना कोकणातला लायसनवाला माणूस हवा होता. गावानं तात्यांसाठी हट्ट धरला. चेअरमन तयार झाले, पण कुरकुरत. मग एकदा तात्यांनी भिडेपोटी लाँचची बॅटरी भावकीतल्या लग्नाला लाऊडस्पीकरसाठी दिली आणि दुसऱ्या दिवशी बाजाराची माणसं घाटावर ताटकळली. चेअरमननी सगळ्यांसमोर सांगितलं, पुन्हा असं घडलं की चावी ठेवायची आणि घरी जायचं. तात्या खाली मान घालून उभे होते. त्या माणसाला दुसरं काही उरलेलंच नव्हतं हो. लाँच गेली असती तर तो माळावर बसून नुसता पाण्याकडं बघत राहिला असता.

म्हणून मी त्यांना बॅटरी नीट शिकवायचं मनावर घेतलं. डिस्टिल्ड वॉटर किती घालायचं, काचेच्या पिचकारीनं ॲसिड कसं तपासायचं, चार्जिंग चालू असताना विडी का ओढायची नाही. चार्ज होताना बॅटरीतनं गॅस निघतो, ठिणगी पडली तर डबा फुटून ॲसिड तोंडावर उडतं, हे मी त्यांना माझ्या हातावरचे डाग दाखवून सांगितलं. पण तात्यांना ते सेल, प्लेटा काही रुचेना. शेवटी मी म्हणालो, "तात्या, हिला बैल समजा. चार्जर म्हणजे वैरण. पाणी वेळेवर पाजा. उपाशीपोटी जुंपू नका." हे मात्र त्यांना असं पटलं की त्यानंतर कधी पाणी कमी पडलं नाही. त्यांनी विचारलं, मग हिला इसावा कवा? मी म्हणालो, हिला कसला विसावा, लाँच घाटाला उभी असते तेव्हाच ही जास्त राबते. तात्या बॅटरीच्या पेटीवर हात ठेवून बसले. मी आपला समाधानानं सायकल काढून घरी आलो.

त्या वर्षी पाऊस उशिरा आला. लाँच नेहमीपेक्षा जास्त दिवस कोरडी राहिली होती. पोळ्याच्या आठवड्यात कुठं पाणी घाटाला लागलं आणि ती तरंगली. खांदमळणीच्या दिवशी तात्या स्वतः दुकानात आले. पोळ्याच्या आदल्या सांजेला बैलाच्या खांद्याला, जिथं जू घासतं तिथं, लोणी-हळद चोळतात आणि त्याला सांगतात, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. तात्यांनी मलाही आवतन दिलं. "उद्या दुपारून या मिस्त्री. पोळा हाय." मला जरा नवल वाटलं. तात्यांकडं बैल नाही, आणि आमच्या वडिलांनी छप्पन्नला धम्म घेतला तेव्हापासून आमच्या घरात पोळा नाही. पण माणूस इतक्या मायेनं बोलावतो तर जावं, म्हणून हो म्हणालो. पोळा कुणाचा, हे विचारायचं मला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी घाटावर पोचलो आणि बघतच राहिलो. लाँचच्या दोन्ही बाजूंना बैलाच्या शिंगांना लावतात तो लाल हिंगूळ फासला होता. पुढच्या टोकाला बाशिंग, घुंगरांची माळ. टपावर जुनी आरशांची झूल, ती तात्यांच्या गेलेल्या बैलजोडीची. काशीबाई, म्हणजे तात्यांची बायको, पुरणाच्या पोळ्यांचं ताट घेऊन आत बसल्या होत्या. गावातल्या बाया, लेकरं, पंचवीस-तीस माणसं लाँच भरून. चेअरमनही होते, सून आणि नातीला घेऊन. गावात बैल मारुतीला फिरवून आणतात, तशी लाँच पाण्यावर एक फेरी मारून आणायची, असा बेत. तात्यांनी नवं धोतर नेसलं होतं. आयुष्यात मी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा दात दाखवून हसताना पाहिलं.

इंजिन त्यांनी हँडल मारून सुरू केलं. मी म्हणालो, स्टार्टर का नाही? तर म्हणाले, आज तिला तरास न्हाय. मला वाटलं, सणाचा उत्साह. मी मागच्या बाजूला सतरंजीवर बसलो आणि आम्ही निघालो.

पाण्याच्या मध्याला आलो असू. वळताना लाँच उशिरा वळली. डबक्यात बसलेली म्हैस उठायला जसे आढेवेढे घेते तशी. मी अंग सावरायला हात टेकला तर सतरंजी ओली. ती बाजूला सारून खालची फळी उचलली. आत पाणी इंजिनाच्या फ्लायव्हीलच्या चाकाला टेकायला आलं होतं आणि पंपाचा आवाज नव्हता.

काय झालं होतं ते मला तिथंच कळलं. लाँच रिकामी असली की वरच्या फळ्या पाण्याबाहेर राहतात, त्या अजून फुगल्याच नव्हत्या. माणसांच्या वजनानं ती खाली दबली आणि त्या कोरड्या फटी पाण्यात गेल्या. आता घरातल्या सगळ्या दारांतनं एकदम पाहुणे यावेत तसं पाणी येत होतं. मी बॅटरीच्या पेटीकडं सरकलो. झाकण उघडं होतं. बॅटरीला झेंडूचा हार. दोन्ही टर्मिनलना पिवळंधमक लोणी-हळद चोळलेली. वायरी सोडवून, लाल दोऱ्यानं बांधून, नीट बाजूला ठेवलेल्या. आणि पुढ्यात निरांजन जळत होतं, कालपर्यंत चार्जिंगला असलेल्या बॅटरीच्या तोंडाशी.

मी निरांजनाची वात तळहातानं दाबून विझवली. हात भाजला. पाठीमागनं कुणी बाई कुजबुजली, दिवा इझवला गं. पोळ्याच्या दिवशी ओवाळलेला दिवा विझवणारा मी, आणि मी कोण हे सगळ्यांना माहीत होतं. त्या क्षणाला मला ते ऐकायला वेळ नव्हता, पण ऐकू आलं.

"तात्या, वायरी कवा काढल्या?"

"काल सांजंला," तात्या सुकाणूवरनं म्हणाले. "पोळा हाय की."

मी फळी पुरी उचलून त्यांना आतलं पाणी दाखवलं. तात्यांच्या तोंडावरचं हसू गेलं. सकाळी त्यांनी बादलीनं पाणी उपसलं होतं, दोन-चार बादल्याच निघालं होतं. त्यांना वाटलं, एका दिवसाचं काय ते हातानं काढू. माणसं चढल्यावर काय होईल ते त्यांना कुठनं ठाऊक! आमच्याकडं बोटीचे जाणते कोण? त्या लाँचमधल्या पुरुषांना विहिरीत पोहता येत होतं. बायांमध्ये एकीलाही नाही.

मी सगळ्यांना सांगितलं, जाग्यावरनं हलू नका, एका बाजूला झुकू नका. एका पोरानं विचारलं, बोट बुडणार का. त्याच्या आईनं त्याचं तोंड दाबलं. चेअरमननी नातीला छातीशी धरलं आणि माझ्याकडं बघत राहिले. मी शेजारच्याकडं धोतराचा सोगा मागितला, टर्मिनल पुसली. लोणी पुसलं जातं, पण पातळ थर राहतोच, आणि त्यातनं करंट नीट जात नाही. खिशातल्या नाण्यानं खरवडलं. वायरीची कडी बसवली. आता नट आवळायचा तर पाना नाही. पाना, स्क्रू ड्रायव्हर, सगळी हत्यारं तात्यांनी पूजेला घरी देव्हाऱ्यापुढं ठेवलेली. मी दोन्ही कडी दोन्ही हातांनी टर्मिनलवर दाबून धरली. बारीक ठिणगी उडाली. मी डोळे मिटून घेतले आणि तोंड बाजूला केलं. काही झालं नाही. वाऱ्यानं गॅस उडवून नेला असावा. पंप एकदा घुरघुरला आणि बंद पडला.

कड्याच्या आतल्या अंगालाही हळद होती. पुन्हा काढलं. काशीबाईंनी न सांगता अंबाड्यातला आकडा काढून दिला. त्याच्या टोकानं आतनं खरवडलं, माझ्या शर्टानं पुसलं, पुन्हा दाबलं. पंप चालला. बाजूच्या नळीतनं पाण्याची धार बाहेर पडली. एका म्हातारीनं हात जोडले. मी मात्र खाली बघत होतो, कारण आतलं पाणी उतरत नव्हतं. जेवढं जात होतं तेवढंच येत होतं. दोन माणसं बादलीनं आणि पुरणपोळीच्या डब्यानं उपसायला बसली. फ्लायव्हीलला पाणी लागलं आणि ते इंजिनावर तुषार उडवायला लागलं. इंजिन बंद पडलं तर पाण्यात हात घालून हँडल मारणं शक्य नव्हतं, आणि मला तिथनं उठता येत नव्हतं. माझे हात सुटले की पंप बंद.

"तात्या, घाट गाठंल?" मी विचारलं.

"न्हाय," तात्या म्हणाले. "माझ्या रानात घेतो."

मला वाटलं, माणसाचं डोकं फिरलं. चारी बाजूंना पाणीच पाणी. पण तात्यांनी लाँच वळवली आणि पाण्याबाहेर डोकावणाऱ्या एका वाळक्या चिंचेच्या शेंड्यावर नजर धरली. ती चिंच त्यांच्या बांधावरची. त्या पाण्याखाली त्यांचं रान होतं. ते हळू आवाजात स्वतःशी बोलायला लागले. हितं हीर हाय, हिच्या डाव्या अंगानं. हितं बाभळी तोडल्याल्या, बुडखं असत्याल. आता बांध. प्रत्येक शब्दासरशी सुकाणू थोडं इकडं, थोडं तिकडं. खालनं काहीतरी लाकडाला घासून गेलं. माझी बोटं सुन्न झाली होती. भाजलेल्या तळहातात ॲसिड झोंबत होतं. इंजिन खोकलं, पुन्हा चाललं, पुन्हा खोकलं.

"आता खळं," तात्या म्हणाले, आणि लाँचचं पोट मऊ जमिनीवर टेकलं. लगेच इंजिनही बंद पडलं.

तात्यांनी पाण्यात उडी मारली. पाणी त्यांच्या कमरेला होतं. ज्या जागी त्यांनी वर्षानुवर्षं ज्वारी मळली त्या खळ्यावर ते उभे होते. तिथनं रान चढत चढत माळाकडं जात होतं. पुरुष उतरले, लेकरांना खांद्यावर घेतलं, बाया एकमेकींचा हात धरून कडेला गेल्या. चेअरमनच्या नातीला तात्यांनीच उचलून नेलं. एकही माणूस दगावलं नाही. मी सगळ्यांत शेवटी टर्मिनलवरचे हात काढले, तर बोटं उघडेनात.

काठावर आल्यावर मी तात्यांवर तुटून पडलो. वय बघितलं नाही, सण बघितला नाही. इतकी माणसं घालवली असती, एवढी अक्कल नाही का, बैल काय आणि बॅटरी काय! तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. ओल्या धोतराचा सोगा पिळला. मग म्हणाले, "जू न उतरवता जेवायला कसं घालावं, मिस्त्री? बारा म्हैनं राबती ती. तुमीच म्हणला, उभी असली तरी राबती."



दुसऱ्या दिवशी लाँच उपसून घाटाला आणली आणि तिथंच सोसायटीची मीटिंग भरली. चेअरमन रात्रभर झोपले नसावेत, डोळे लाल होते. त्यांनी विचारलं, वायरी कुणी काढल्या. तात्या म्हणाले, म्या. काहीजण म्हणाले, पण वाचवलंही त्यांनीच, दुसरा कुणी असता तर विहिरीवर नाहीतर बुडख्यांवर घालून फोडली असती. तेही खरं होतं. मग चेअरमन माझ्याकडं वळले. ते आता तात्यांना नव्हे, मला विचारत होते. "मिस्त्री, तुमी सांगा. हेंच्या हातात परत द्यावी का? माझी नात हुती आत."

मी तात्यांकडं पाहिलं. त्यांनी नजर चुकवली नाही. मी म्हणालो, "इमानदार माणूस आहे. यांच्याइतकी काळजी कुणी घेणार नाही. पण हे तिला जनावर मानतात. जनावर चुकलं तर थांबतं. ही थांबत नाही, बुडते. माणसं बसवायची असतील तर देऊ नका."

आजही कुणी विचारलं तर मी हेच सांगेन. पुढं नवा ड्रायव्हर आला, आणि ती लाँच पुन्हा कधी अशी अडकली नाही. पण त्या दिवशी ते बोलून झाल्यावर मला माझाच आवाज नकोसा झाला, आणि तसा तो अजून कधीकधी नकोसा होतो.

तात्यांनी कनवटीची चावी काढून चेअरमनच्या हातात दिली. मग ते घरी गेले. आम्हाला वाटलं, संपलं. थोड्या वेळानं ते परत आले तेव्हा त्यांच्या खांद्यावर नवाकोरा नाडा होता, विहिरीच्या मोटेला लावतात तसला जाड. ते घाटावर बसले, लाँच नव्या नाड्यानं खुंट्याला बांधली, गाठ दोनदा ओढून बघितली. मग जुना दोर सोडला, झटकला, गुंडाळून हातात घेतला. सोसायटीचा सेक्रेटरी पुढं झाला आणि म्हणाला, तात्या, तो दोर सोसायटीचा आहे.

चेअरमननी त्याचा दंड धरून त्याला मागं ओढलं.

"न्हिऊ दे," ते म्हणाले. "जनावर देताना दावं देत न्हाईत."